सत्तावीस नंबरचं टिपण

४ ऑगस्ट, सोमवार

टिपणं यायला लागली. एकवीस आली, वीस यायचीत.

यंदाही वाचनसंच माझ्याच गळ्यात! समाजकार्याला प्रवेश घेणाऱ्यांनी वर्ग सुरू होण्याआधी चार वाचनं वाचायची आणि त्यातल्या एकावर पानभर टिपण पाठवायचं. नियम माझाच, पंधरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा अंगात दम होता. टिपणावर नाव लिहायचं नाही, फक्त अर्जाचा नंबर — कुणाचा भाचा, कुणाची पुतणी हे मला कळू नये म्हणून. नावांची यादी क्लार्कच्या कपाटात. आणि ‘मी’ हा शब्द टाळायचा. नाहीतर वाचलेलं राहतं बाजूला आणि सुरू होतं, "मला लहानपणापासूनच लोकसेवेची आवड..." त्या आवडीपुढे मी केव्हाच हात टेकले.

विभागप्रमुख आज म्हणाला, "मॅडम, चार जरा जास्तच होतात. मुलं घाबरतात." माझाच विद्यार्थी हा. त्याच्या वेळी सात वाचनं होती आणि गडी एकही न वाचता आला होता. हे मलाही माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. म्हणून तो माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतो.

एप्रिलमध्ये निवृत्त झाले की सुटले. आठ महिने.

६ ऑगस्ट, बुधवार

नऊ टिपणं वाचली, त्यातली सात जुळी भावंडं! "सदर वाचनातून समाजाचे विविध पैलू उलगडतात." सातही जणांना तेच पैलू, त्याच क्रमाने. यंत्राकडून लिहून घेतलेली. दोन मजले चढून हे वाचायला जायचं. त्या यंत्राला निदान गुडघे नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

आजची आठही टिपणं चौथ्या वाचनावर. सगळ्यांना तेच आवडतं. ‘बंद दार’. लहान आहे, सोपं आहे, आणि शेवटी सगळं बरं होतं.

ते प्रकरण माझं. एकोणीस वर्षांपूर्वी मी बालकल्याण कार्यालयात होते तेव्हाचं. फोन आला — एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बाहेरून कुलूप आणि आत मूल रडतंय. गेलो, कुलूप तोडलं. आत सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. मुलगी ताणलेल्या दोऱ्याने पाव कापत होती. घरात सुरीसुद्धा नव्हती! आई बारा तासांच्या पाळीला गेलेली. दोन्ही मुलांना बालगृहात नेलं. आईला दोनदा कार्यालयात बोलावलं तर एक शब्द बोलली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून उभी. अकरा महिन्यांनी मुलं घरी. मी लिहिलं, ‘आई: असहकार. निष्काळजीपणा: गंभीर. हस्तक्षेप: वेळेवर. परिणाम: समाधानकारक.’

त्याच प्रकरणावर माझी इथे नेमणूक झाली म्हटलं तरी चालेल. मुलाखतीत हेच सांगितलं होतं. आईचा कामधंदा, शहर, महिने, सगळं बदलून छापलं. तो दोरा तेवढा ठेवला. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं त्या दोऱ्याने. वर्गात मी तिथे थोडी थांबतेसुद्धा. पंधरा वर्षं थांबतेय.

११ ऑगस्ट, सोमवार

सत्तावीस नंबर.

हाताने लिहिलेलं, रेघी कागदावर. अक्षर काय सुरेख! वळणदार, घोटलेलं. हल्लीच्या पोरींचं असं अक्षर नसतं, कुणीतरी मनापासून शिकवलंय, असं म्हणत मी चहाचा कप उचलला. दुसऱ्या परिच्छेदाला तो खाली ठेवला.

लिहिलंय ते इथे उतरवते, म्हणजे उद्या मला वाटायला नको की मी चुकीचं वाचलं.

"प्रकरणात आई कारखान्यात होती असं म्हटलं आहे. ती दवाखान्याच्या लाँड्रीत होती."

कारखाना मी घातला होता! लाँड्री कुठेच छापलेली नाही.

"घरात सुरी नव्हती असं म्हटलं आहे. सुरी होती. मुलांचा हात पोचू नये म्हणून कपाटावर ठेवलेली होती. दोऱ्याने पाव कापायला आईनेच शिकवलं होतं, बोट कापू नये म्हणून. प्रकरण लिहिणाऱ्या व्यक्तीने कपाटावर पाहिलेलं दिसत नाही."

"दाराला कुलूप होतं. दुसरी किल्ली समोरच्या शेजारणीकडे होती. ती तासातासाने आत येऊन बघत असे. त्या दिवशीही दोनदा येऊन गेली होती. तिला कोणी विचारलेलं दिसत नाही."

"परिणाम समाधानकारक, असं म्हटलं आहे. घरी परत आल्यावर धाकटा आईला ‘बाई’ म्हणत असे. चार महिने."

आणि सगळ्यात खाली — "‘मी’ टाळण्याची सूचना आहे, म्हणून टाळला. पण त्या घरात मी होते. हे प्रकरण वर्गात असंच शिकवलं जाणार असेल तर त्या वर्गात बसता येणार नाही. प्रवेश पक्का करायची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. त्याआधी कळवावं."

म्हणजे ती मुलगी. दोरावाली. आज सव्वीस वर्षांची असेल. समाजकार्य शिकायला येतेय — आणि पहिल्याच पाकिटातून तिचं घर तिच्या हातात पडलं. माझ्या सहीनिशी.

उरलेली टिपणं तशीच पिशवीत घालून घरी आले.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस स्वतःशी भांडले. सात वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आईने पुढे जे सांगितलं तेच हिचं सत्य. लेकरं आईची बाजू घेतातच. आणि शेजारीण बघत होती तर मूल रडत का होतं?

मुलं रडतात म्हणून रडत होतं! दोन वर्षांचं होतं ते. माझी लेक तर मी शेजारी बसलेली असताना गळा काढायची.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, त्यामुळे प्रश्न सरळ रेषेत विचारतात.

"शेजारणीला विचारलं होतंस का तू?"

"चौकशीच्या रकान्यात टिक आहे."

"टिक आहे ते कळलं. विचारलं होतंस का?"

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

१६ ऑगस्ट, शनिवार

माळ्यावरची पेटी ह्यांनी काढून दिली. शिडीवर मला चढू देत नाहीत. "पडलीस तर मलाच प्रकरण लिहावं लागेल," म्हणे. हसू आलं नाही, तरी हसले.

गृहभेटीच्या फॉर्मची कार्बन कॉपी आहे. जांभळी, पुसट. चौदा रकाने. नववा: ‘शेजाऱ्यांकडे चौकशी केली’. टिक.

सगळं आठवलं. आठवायला एकोणीस वर्षं लागली असं नाही, कधी आठवून बघितलंच नव्हतं. जिन्यात एक बाई उभी होती. हात ओले, पदराला पुसत काहीतरी सांगत होती. "अहो ऐका तरी, अहो बाई—" माझ्या कडेवर धाकटा किंचाळतोय, मुलगी माझा दंड ओढतेय. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कार्यालयाची एकच गाडी, चारला परत द्यायची. मी म्हणाले, "नंतर येते." नंतर गेलेच नाही.

फॉर्म गाडीत भरला, गुडघ्यावर. रकाना रिकामा सोडला की फॉर्म परत यायचा, मग पुन्हा भेट, पुन्हा गाडीसाठी अर्ज. आम्ही सगळ्याच करायचो ते. आधी टिक, चौकशी सवडीने. कधी केली जायची, कधी नाही. आमच्यात त्याला कुणी खोटं म्हणत नसे. ‘फॉर्म पूर्ण करणं’ म्हणत.

आईचे हातही आठवले. कार्यालयात उभी होती तेव्हा दिसले होते. धुवून धुवून पांढरे पडलेले, सालं निघालेली. मी त्या हातांवरून कसला तरी त्वचारोग असावा असं लिहून ठेवलं होतं! ‘मुलांना संसर्गाची शक्यता तपासावी.’

मला स्वतःची किळस आली.

१८ ऑगस्ट, सोमवार

विभागप्रमुखाला टिपण दाखवलं. तोंडचं पाणी पळालं त्याच्या. दार लावून घेतलं, मग म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. चौथं वाचन काढून टाका. तीनच ठेवू. मी कधीचा कमी करा म्हणतोय."

"आणि तिला काय कळवायचं?"

"वाचनसंचात बदल केला आहे. बस्स. बाकी काही लेखी नको हं! उद्या उठून विभागावर शेकेल. तुमचं निवृत्तिवेतनाचं बघा जरा."

वाईट माणूस नाही तो. मीच शिकवलंय त्याला, कागद कसा निर्धोक ठेवायचा ते.

आणि खरं सांगायचं तर मोह झाला. एक ओळ लिहायची, वाचन काढायचं, एप्रिलमध्ये शाल आणि घड्याळ घेऊन घरी जायचं. कुणाला काय कळणार? पाय इतके थकलेत की सोपा रस्ता दिसला की आपोआप तिकडे वळतात.

२० ऑगस्ट, बुधवार

पत्राचा मसुदा. दोन पानं झाली. ‘तत्कालीन मनुष्यबळाच्या मर्यादा लक्षात घेता’, ‘काही बाबी निदर्शनास येऊ शकल्या नाहीत’. नुसती सारवासारव! दोन पानांत एकदाही ‘मी’ नाही. बघा, मला किती छान जमतं ते.

फाडलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काही लिहिलं नाही. डोकं दुखतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर ती मुलगीच डोळ्यांसमोर. गाडीत माझ्या शेजारी बसली होती. भावाचा शर्ट मागून मुठीत धरलेला, बालगृह येईपर्यंत सोडला नाही. एकदाच बोलली, "आईला कसं कळणार आम्ही कुठे आहोत?" मी म्हणाले, "आम्ही कळवू." दारावर चिठ्ठी चिकटवली होती, कार्यालयाचा पत्ता लिहून. चिकटवली होती ना? फॉर्मवर तिचीही टिक आहे.

कशी दिसत असेल आता? उंच असेल. शब्द मोजून बोलणारी. इतकं होऊनही ह्याच कामात यावंसं वाटलं तिला. का? कुणीतरी नीट विचारणारं असावं म्हणून? मला तिच्याबद्दल चक्क अभिमान वाटला, आणि लगेच लाज वाटली. मला कुठला हक्क!

ती वर्गात आली पाहिजे. बाकी काही झालं तरी चालेल. मी एकदा तिला घराबाहेर काढलं, आता वर्गाबाहेर काढणार नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

लिहिलं. एक पान.

"तू सात वर्षांची होतीस. तुझ्या आईबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. शेजारणीला मी विचारलं नाही आणि विचारलं अशी टिक केली. कपाटावर पाहिलं नाही. तुझ्या आईने तुमच्यासाठी जे जे केलं होतं, ते मी तिच्याविरुद्ध लिहिलं. अकरा महिने तुम्हाला घरापासून तोडलं ते मी. तू म्हणशील तर हे वाचन काढून टाकते. तू परवानगी दिलीस तर वाचन राहील, शेजारी तुझं टिपण छापेन आणि पहिल्याच दिवशी वर्गाला सांगेन की ही चूक माझी. पण तू ये. तुझी माफी मागते." खाली सही, पूर्ण नावाने.

‘अहोजाहो’ करून पाहिलं आधी. कोरडं वाटलं. तिला मी हाताला धरून जिना उतरवलंय, तिला ‘तू’च म्हणावंसं वाटलं.

क्लार्ककडे दिलं. हा आमचा गृहस्थ नियमाला इतका पक्का की स्वतःच्या बायकोलाही ओळखपत्र मागेल.

"नाव सांगा तिचं. पाकिटावर घालते."

"वर्ग सुरू होईपर्यंत नाव मिळणार नाही. नियम आहे."

"अहो, तो नियम मीच केलाय!"

"मग तुम्ही तरी पाळा, मॅडम." पाकीट घेतलं, पत्ता स्वतः लिहितो म्हणाला.

२७ ऑगस्ट, बुधवार

उत्तर नाही. विभागप्रमुखाला कळलं. क्लार्कच्या जावक वहीत नोंद असणारच. "लेखी दिलंत? सहीसकट?" दोन्ही हातांनी डोकं धरलं त्याने.

मी म्हणाले, "हो. आणि वर्गातही सांगणार आहे."

"मॅडम, आठ महिने राहिलेत तुमचे."

"तेच ना. आठच राहिलेत."

खिडकीबाहेर न बघता पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं त्याने.

३० ऑगस्ट, शनिवार

शेवटची तारीख. सकाळी दहापासून ऑफिसच्या बाकावर ठाण मांडून बसले. गठ्ठा पुढ्यात घेतला होता, उगाच. दर वेळी दार वाजलं की मान वर. एक सडपातळ पोरगी आली, डोळे गंभीर. ती वसतिगृहाचा फॉर्म मागत होती.

दुपारी क्लार्कला विचारलं, "सत्तावीस?"

"नंबरवार सांगता येणार नाही. एकूण सांगतो. एक्केचाळीसपैकी चाळीस पक्के."

साडेपाचला ऑफिस बंद होतं. पाचला ह्यांचा फोन, "येतेस का? की तिथेच वळकटी पाठवू?" मी म्हटलं थांबते. सव्वापाचला पोस्टाची थैली आली. क्लार्कने एकेक पाकीट फोडलं, शिक्का मारला, रजिस्टरमध्ये लिहिलं. किती सावकाश! ओरडावंसं वाटलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला,

"एक्केचाळीस."

बस्स, एवढंच. मी बाकावर बसून रडले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पंखा बंद करून टाकला, कारण साडेपाच झाले होते.

पाकिटात माझ्यासाठी एक चिठ्ठी होती, तेच सुरेख अक्षर. "वाचन काढू नये. टिपण शेजारी छापावं."

३१ ऑगस्ट, रविवार

उद्या काय बोलायचं ते ह्यांना म्हणून दाखवलं. "छोटं कर," म्हणाले. छोटं केलं.

ती बसेल त्या बाकाजवळ जाऊन बोलायचं, की टेबलापाशी उभं राहूनच? वर्ग संपल्यावर तिला थांबवायचं. तिची आई कशी आहे, विचारायचं. आई हयात असेल तर भेटायला येऊ का, हेही.

खूप थकले आहे. पण आज पहिल्यांदा झोप लागेलसं वाटतंय.

१ सप्टेंबर, सोमवार

वर्ग भरला होता. तिसऱ्या बाकावर पोरापोरींच्या मध्ये एक पंचेचाळिशीची बाई बसलेली. मी म्हणाले, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं."

ती उठली. "मी सत्तावीस नंबर," म्हणाली.

ती पुढे आली, हळू आवाजात बोलली, कुणाला ऐकू जाऊ नये इतपत. "तुमचं पत्र मिळालं. मुलीला लिहिलं होतं तुम्ही, म्हणून तिला दिलं. तिने जपून ठेवलंय. माझं अजून यायचंय."